चांथीच्या आईचा भात

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा थोनचे डोनट तेलात होते. फोनवर मुलगी, चांथी. तो ऐकत राहिला आणि दुसऱ्या हाताने, लाकडी काडीने, एकेक डोनट उलटत राहिला.

"पा, ऐकलंत ना? आई गेली."

"ऐकलं."

त्याने घाणा उतरवला, गॅस बंद केला आणि शटर ओढलं. अमेरिकेतल्या लाँग बीचच्या त्या कोपऱ्यावर हे शटर भरदिवसा पडलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

अंत्यविधी आटोपल्यावर दुकान पुन्हा उघडलं. शेजारच्या गॅरेजचा रोहेलिओ काचेच्या रिकाम्या फडताळात डोकावला.

"काका, आज नुसती भोकंच तळलीत का? डोनट कुठायत?"

"भोक फुकट आहे. घे."

रोहेलिओ हसला. "मावशी असत्या तर या बोलण्यावर मला हाकलून दिलं असतं."

"हो. आणि मागून हाक मारून कॉफी दिली असती."

सारी गल्ली तिला मावशी म्हणे. विहारात ती चांथीची आई. थोनही तिला तसंच म्हणे, नाहीतर नुसतं 'अगं'. त्याच्या पिढीचे कंबोडियातले ख्मेर नवरे बायकोला नावाने हाक मारत नाहीत.

लगेच पितरांचा पंधरवडा लागला. या दिवसांत विहारात मेलेल्यांची नावं पुकारतात. ज्याचं नाव पुकारलं तो येतो आणि घरच्यांनी आणलेला भात जेवतो. ज्याचं कुणी पुकारत नाही तो या विहारातून त्या विहारात उपाशी हिंडतो.

"नाव दिलंत?" चांथी रोज विचारी.

"उद्या देतो."

"उद्या, उद्या! माझ्या वयाची होती तेव्हा तिकडे त्या खुनी राजवटीत तिने झाडपाला खाऊन दिवस काढले. आता मेल्यावरही उपाशी ठेवताय तिला?"

थोन पीठ मळत राहिला.

"ती गेलीय हेच तुम्हाला कबूल करायचं नाहीये, पा."

पीठ नको इतकं मळलं गेलं. त्या दिवशीचे डोनट चिवट झाले.

पंधरवड्याच्या शेवटच्या दिवशी चांथीने त्याच्या कमरेचा एप्रन स्वतःच सोडला. आईला आवडायची ती आंबट माशाची आमटी आणि भात तिने डब्यात भरला होता. "चला. तुम्ही नाही दिलंत तर मी देते."

विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. म्हातारे आचार्य माइक घेऊन बसले होते. रांग सरकली.

"नाव?"

थोनने मान खाली घातली. चांथी म्हणाली, "ख्लोट सिम."

"हे तर पहिल्याच दिवशी पुकारलं मी."

"कुणी दिलं तुम्हाला?"

"द्यायला कशाला हवं? दरवर्षीचं आहे. तुझी आईच भाताचा डबा घेऊन यायची आणि सांगून जायची. यंदा ती नाही, म्हणून मीच आपणहून पुकारलं. तिच्या बहिणीचं ना ते?"

चांथीला हसू आलं. "आचार्य, तुमचा गोंधळ होतोय. आईचंच नाव आहे हे. जिवंत बाई स्वतःच्या नावाने भात कशाला घालेल?"

आचार्यांनी थोनकडे पाहिलं. मग चांथीनेही पाहिलं.

"पा?"

"सिम माझी पहिली बायको," थोन म्हणाला. "सरहद्दीवरच्या निर्वासितांच्या छावणीत तापाने गेली. अमेरिकेची मंजुरी आमच्या दोघांच्या नावाने आली होती. तुझ्या आईचं कुणीच उरलं नव्हतं. सिम म्हणून ती माझ्याबरोबर बसमध्ये चढली. खरं नाव चुकून माझ्या तोंडातून गेलं तर दोघांनाही परत पाठवतील, म्हणून ते मला सांगायचंच नाही असं तिने ठरवलं. पुढे दुकान आलं, तू आलीस."

मागची रांग थांबली होती. चांथीने डबा छातीशी धरला होता.

आचार्यांनी माइक थोनपुढे केला. "असू दे. अजून वेळ आहे. आता सांगा, तिचं खरं नाव काय?"

थोनने माइक हातात घेतला.

ते विचारायचं राहून गेलं होतं.