स्वच्छ प्रत

'गोना' खोडून तिने 'गोइंग टू' केलं आणि तिचा हात तिथेच थांबला. कानात मुलाचा आवाज होता. तिच्या स्वतःच्या मुलाचा.

तो घर सोडून गेल्याला कितीतरी आठवडे झाले होते. फोन बंद. पोलिसांनी 'सज्ञान आहे हो, येईल परत' म्हणून हात झटकले होते. नवऱ्याने ओळखीपाळखीची सगळी घरं पालथी घातली होती. आणि इथे ऑफिसात, रोजच्या फाइलींमध्ये, तो चक्क बोलत होता!

मन मोकळं करायला लोक एका नंबरवर फोन करतात. त्या फोनांची रेकॉर्डिंग ऐकायची आणि टाइप करायची, हे तिचं काम. लोक काय, 'वॉना' म्हणणार, 'डनो' म्हणणार, मध्येच रडणार, अर्धं वाक्य गिळणार. कागदावर मात्र सगळं धुऊन इस्त्री केलेलं हवं. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

तिने हेडफोन कानांवर घट्ट दाबले. सांग रे बाळा, कुठे आहेस ते सांग. मागे एखादा ओळखीचा आवाज येऊ दे, एखाद्या दुकानाचं नाव येऊ दे, काहीही. तो मित्रांशी बोलायचा तसा इंग्रजी-मराठी मिसळून बोलत होता, भरभर, आणि घरी कधी बोलला नव्हता इतकं. पण मागे नुसता पंखा फिरत होता.

"झाली का ती फाइल, मॅडम?" साहेबांनी केबिनच्या दारातून विचारलं. "पाठवून टाका, पुढच्या तुंबल्यात."

"थांबा ना हो जरा!" ती एवढ्यांदा ओरडली की शेजारणीचं टायपिंग थांबलं.

फोनवरची बाई त्याला हळू आवाजात विचारत होती. घरी कोण कोण असतं? हे त्यांच्यापैकी कुणाला सांगितलंस का? इकडे ती खुर्चीच्या कडेवर आली. आता घराचं काहीतरी बोलेल. निदान आईचं नाव तरी घेईल. तेवढंही पुरे होतं तिला.

त्याने घेतलं.

"आईला सांगितलं होतं ना. जेवताना. म्हटलं, आय डोन्ट वॉना लिव्ह." तो हसल्यासारखं करून थांबला. "ती म्हणाली, वॉना काय रे, वॉन्ट टू म्हण."