तिची बसायची जागा

साठ साली बायको वारली. मी कामाला जाईना, कोणाशी, लेक हौशीशीही, धड बोलेना, म्हणून मेहुणा यमाजी मला कल्याणला मनाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर विलायतेत शिकलेला. त्याने माझ्यासमोर एक रिकामी खुर्ची ठेवली.

"समजा, बाईजाबाई इथे बसल्यात. मनात असेल ते त्यांना सांगा."

"ती खुर्चीवर नाय बसायची."

"नुसतं समजायचं हो."

"जिती होती तवर नवऱ्यासमोर खुर्चीवर बसली नाय. आता तुमी सांगता म्हणून बसणार?"

यमाजीने मला कोपराने ढोसले. डॉक्टर हसला नाही.

"मग कुठे बसायच्या?"

"उंबऱ्यापाशी. तोंड अंगणाकडं. मी जेवायचो, ती कोंबड्या हाकायची."

डॉक्टरने खुर्ची बाजूला सारली आणि जाऊन दार उघडले. विलायतेला जाऊन हा दार उघडायला शिकला, असे मनात म्हणत मी घरी जायला उठलो. उंबऱ्यापाशी आलो आणि माझा पाय पुढे पडेना.

"आपल्या हौशीला पोरगी झाली गो," मी म्हणालो. "नाक तुझ्यावानी नकटं हाय."