हापशाचं पुस्तक

"हे माझ्या मुलीलाच का दिलंत?"

शालनने पुस्तक टेबलावर असं आपटलं की मंदाकिनीबाईंच्या चहाची बशी वाजली. मधली सुट्टी होती. बाकीचे शिक्षक व्हरांड्यात उन्हाला उभे होते, त्यामुळे स्टाफरूममध्ये या दोघीच. शालनची सातवीतली मृणाल आज शाळेत आलीच नव्हती.

पुस्तक लहानसं, चित्रांचं. मुखपृष्ठावर गावातला हापसा आणि त्याच्यापासून लांब, ओंजळ पुढे करून उभी असलेली एक मुलगी. तिच्या जातीमुळे तिने हापशाला हात लावायचा नाही. एखाद्या बाईला दया आलीच, तर ती वरून पाणी ओतणार. अशी गोष्ट.

मंदाकिनीबाई गडबडल्या. शहाडच्या या शाळेत त्यांचं अर्धं आयुष्य मराठी शिकवण्यात गेलेलं. कुणाच्या अध्यात ना मध्यात. "अहो मृणालच्या आई, बसा तरी आधी. फार सुंदर पुस्तक आहे ते."

"सुंदरच आहे. मी दोनदा वाचलं. मी विचारतेय, मृणाललाच का?"

बाईंनी सगळं समजावून सांगितलं. नवी वाचनपेटी आली होती. ठाण्याच्या शिबिरात त्यांना सांगितलं होतं की, मुलांना आपल्याच दुःखाची गोष्ट वाचायला मिळाली की बळ येतं. म्हणून त्यांनी घरी बसून सगळी पुस्तकं वाचली आणि शनिवारी वर्गात नावं पुकारून वाटली. आईवडील वेगळे राहतात ते पुस्तक ऋतुराजला. बोलताना अडखळणाऱ्या मुलाचं पुस्तक प्रेमला. "ज्याचं त्याला," बाई समाधानाने म्हणाल्या.

शालनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अख्ख्या वर्गादेखत, नाव पुकारून! ऋतुराजच्या घरचं आजवर कुणाला ठाऊक नव्हतं, ते आता शिपायालाही ठाऊक झालं असणार. चांगुलपणाला अक्कल नसली की तो दुष्टपणापेक्षा महाग पडतो.

"आणि मृणालचं दुःख कोणतं, बाई? तिचे बाबा कॉलेजात गणित शिकवतात, मी बँकेत आहे. हापसा तिने फक्त खडवलीला ट्रिपला गेलेली तेव्हा बघितलाय. तिला भुताचं पुस्तक पाहिजे होतं."

बाईंनी आवाज खाली आणला. "तुम्ही एप्रिलमध्ये जयंतीचे पेढे पाठवले होते ना स्टाफरूममध्ये... म्हणून मला वाटलं..."

"पेढे खाल्लेत आणि एवढंच लक्षात ठेवलंत?" शालनचा आवाज चिरकला. "काल काय झालं माहितेय? मृणालने पुस्तक उघडलंही नव्हतं, रुसलेली. तिच्या वर्गातल्या ऐश्वर्याने मात्र ते तिथेच चाळलं. काल ही कूलरपाशी बाटली भरायला गेली, तर ऐश्वर्या म्हणते, 'ए हापसा, नळाला हात नको लावू. मी वरून ओतते, ओंजळ कर.' पोरं हसली. आणि माझ्या पोरीने ओंजळ केली, बाई. तिला वाटलं, काहीतरी खेळ आहे. संध्याकाळी तिने पुस्तक वाचलं, तेव्हा कळलं तिला. आता म्हणते, त्या वर्गात मी परत जाणार नाही."

बाईंचा चेहरा उतरला. त्या वाईट नव्हत्या, हीच तर पंचाईत होती. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं. "अरेरे," त्या म्हणाल्या, "ऐश्वर्याला मी चांगली रागावते. मृणालला भुताचं पुस्तक देते. हे परत घेते मी, झालं?"

"नाही झालं. ऐश्वर्याला कोणतं पुस्तक दिलेलंत?"

"तिला काही प्रॉब्लेम नाही ना. तिला परीचं दिलं."

शालन हसली, पण ते हसू रागाचंच होतं. "आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला! बाई, या गोष्टीतल्या मुलीला हापशापासून कुणीतरी लांब उभं केलंच ना? वरून पाणी ओतणाऱ्या त्या बाईच्या घरी पण पोरं असतील की. आपल्या आईने हे असं केलं, हे कळल्यावर त्या पोरांना काय वाटलं, त्याची गोष्ट काढा. ती द्या ऐश्वर्याला. नाव पुकारून द्या. मग माझी मुलगी येईल वर्गात."

मंदाकिनीबाईंनी मान हलवली. त्यांना ते पटलं होतं, अगदी मनापासून. त्या उठल्या, कपाटाखालची वाचनपेटी त्यांनी ओढून पुढे घेतली आणि फरशीवर बसून एकेक पुस्तक काढून पाहू लागल्या. शालन तशीच उभी होती. सुट्टी संपल्याची घंटा झाली, पोरांचा गलका वर्गांत शिरला, तरी बाई शोधतच होत्या.

अखेर पेटीचा तळ लागला.

"नाही हो, मृणालच्या आई," त्या वर बघत म्हणाल्या, "तसं पुस्तक या संचात आलेलंच नाही."