स्खोनमूदर

"ही माझी स्खोनमूदर," डच सुनेने दारातल्या शेजारणीला सांगितलं, आणि भांडी विसळणाऱ्या नलूताईंचा हात थबकला. मूदर म्हणजे आई. पण स्खोन म्हणजे स्वच्छ, हे डचच्या वर्गात नुकतंच शिकवलं होतं. म्हणजे ही मला साफसफाईवाली समजते!

दिवसभर त्यांना सुनेचं हसणं खटकलं, तिने आणून दिलेले रबरी हातमोजेही. मुलाने यासाठीच हॉलंडला आणलं की काय?

संध्याकाळी न राहवून त्यांनी विचारलंच, "मी मोलकरीण का गं तुमची? शेजारणीला स्खोनमूदर म्हणून सांगितलंस ते?"

सून गोंधळली. मग मोडक्या मराठीत म्हणाली, "नाही आई, स्खोनमूदर म्हणजे सासू. स्खोन म्हणजे सुंदरसुद्धा."

"आणि सुनेला काय म्हणता?" नलूताईंनी ओशाळून विचारलं.

"स्खोनडोख्तर. सुंदर मुलगी."

नलूताईंनी दिवसभरात प्रथमच तिच्याकडे संशय सोडून पाहिलं. "हे मात्र खरं हो," त्या म्हणाल्या.