घळीतून येणारा आवाज

त्या एप्रिलमध्ये यतीन स्वित्झर्लंडला स्कीइंगला गेला आणि डोंगरातल्या एका उभ्या, अरुंद घळीत बर्फाखाली गाडला गेला. शारजातल्या घरी आन्सरिंग मशीनवर त्याचा निरोप तेवढा उरला. "आई, वर पोचलोय. उतरलो की थेट घरी येतो. वरणभात करून ठेव."

विद्युल्लताबाई तो रोज ऐकत. निरोपानंतर बर्फावर स्की घासल्याचा आवाज येई, आणि तो दिवसेंदिवस लांबत चालला होता.

"अगं, खलास झालं सगळं. पुसून टाक ती टेप," अंबादासराव म्हणत.

"तुम्ही एकदा ऐका तरी."

आज अंबादासरावांनी ती ऐकली. स्कीचा आवाज थांबला. जड बुटांची पावलं वाजली. मग टेपवर त्यांच्याच इमारतीच्या लिफ्टचं दार करकरलं.

अंबादासरावांनी उठून दाराची कडी काढली.

"अगं," ते म्हणाले, "वरण गरम कर."