गॅलरीतलं ऊन

"अहो, आलं का ऊन?" शालनताईंनी गॅलरीतल्या खुर्चीवरून विचारलं. काचबिंदूने दृष्टी गेल्यापासून सकाळचं अर्ध्या तासाचं ऊन एवढंच त्यांचं बाहेरचं जग उरलं होतं.

समोरच्या टॉवरचा अकरावा मजला चढला आणि ऊन गेलं ते गेलंच. बायकोला धरून तीन जिने उतरवण्याची ताकद भार्गवरावांच्या अंगात उरली नव्हती, आणि खरं सांगायला जीभ रेटत नव्हती. त्यांनी टेबललॅम्पचा पिवळा दिवा लावला आणि तो तिच्या चेहऱ्याजवळ धरून उभे राहिले.

"आलं गं बाई!" त्या सुखावल्या.

संध्याकाळी डॉक्टर रिपोर्ट घेऊन घरी आले. "काकू, व्हिटॅमिन डी आणखी उतरलंय, बीपी चढलंय. उन्हात बसत नाही का?"

"बसत नाही कशी? चार महिने हे रोज बसवतात. एक दिवस चुकवला नाही!"

डॉक्टरांनी भार्गवरावांकडे पाहिलं. त्यांची मान वर होईना.

"उद्यापासून तासभर बसवा हं," शालनताई नवऱ्याला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या तासाने भार्गवरावांचा दिव्याचा हात गळून खाली आला.

"ढग आला का हो?"

"जाईल आता," म्हणत त्यांनी दिवा दुसऱ्या हातात घेतला.