उतरलेली पट्टी

“मिस व्हर्लीन, हे गाणं तुम्ही इतक्या खालच्या पट्टीत का गाता?” कॅलीने विचारलं.

होयट ड्रमचं कातडं ताणत होता. त्याचा हात तसाच थांबला. गिटारवाला लमार एकदम स्वतःच्या बुटांकडे बघू लागला. कॅली बँडमध्ये येऊन पंधरवडाही झाला नव्हता. फिडल सुरेख वाजवायची, पोर गुणी होती. तिला एक गोष्ट आधीच सांगून ठेवायला हवी होती, ती राहूनच गेली.

“खालच्या?” व्हर्लीन हसली. “अगं, तुझ्या जन्माच्या आधीपासून मी हे गाणं याच पट्टीत गातेय.”

“नाही हो. मिस्टर लमारनी मला तारा अख्खा एक सूर उतरवायला लावल्या. म्हणून विचारलं.”

अग्निशमन ठाण्याच्या मागे सकाळपासून डुकराचं मांस धुरावर शिजत होतं. बंब रस्त्यावर काढून आत टेबलं मांडली होती. दर वर्षीसारखं अर्धं गाव ताटं घेऊन बसलं होतं. गाणं सुरू व्हायला थोडाच अवकाश होता.

व्हर्लीनचं हसू मावळलं. “मूळचा सूर दे बघू.”

कॅलीने बिचारीने दिला. व्हर्लीनने डोळे मिटले आणि वरची ओळ उचलली. अर्ध्या वाटेत तिचा आवाज फाटला. तिने डोळे उघडले, कुणाकडे बघितलं नाही, आणि लमारच्या ट्रकच्या मागच्या फळीवर जाऊन बसली.

व्हर्लीन काय म्हणायची ते गावात सगळ्यांना पाठ होतं. “ज्या दिवशी माझा आवाज खाली उतरेल, त्या दिवशी मीही मंचावरून खाली उतरेन आणि तुमच्यासारखी ताट घेऊन बसेन.” आणि बाई शब्दाची पक्की. ती उतरली की स्वीटगम बँड मोडलाच. मग शनिवारची वाट बघावी असं होयटकडे काही उरणार नव्हतं.

तो थंड चहाचा ग्लास घेऊन तिच्याकडे गेला.

“कधीपासून चाललंय हे?” तिने विचारलं.

“तुझ्या घशाचं ऑपरेशन झालं ना, तेव्हापासून. आधी थोडं उतरवलं. मग आणखी थोडं.”

“आणि मी मूर्खासारखी गावभर सांगत हिंडले, माझा आवाज आहे तस्सा आहे!”

“आम्हाला ते ऐकायला आवडायचं.”

“दया आली माझी?”

“दया कसली डोंबलाची! तू उतरलीस तर गाणार कोण? लमार? तो गायला लागला तर लोक स्वतःच्या घराला आग लावतील, निदान बंबाच्या घंटेत त्याचा आवाज बुडेल म्हणून.”

व्हर्लीन हसली नाही. पण तिच्या ओठाचा कोपरा हलला.

“खरं सांग, होयट. या बँडमध्ये आणखी कुणाला असं सांभाळून घेतलं जातं?”

“छे! बाकी आम्ही सगळे ठणठणीत.”

तिने त्याच्याकडे बघितलं. आणि मग ती अशी काही हसत सुटली, की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. होयट गोंधळला. एवढं हसण्यासारखं आपण काय बोललो, ते त्याला कळेना. तिने मनगटाने डोळे पुसले, अर्धा ग्लास एका दमात रिकामा केला आणि तो त्याच्या हातात परत दिला.

“चल,” ती म्हणाली. “ताट घेऊन बसायला मला अजून भूक नाही लागलेली.”

मंचावर चढल्या चढल्या तिने माइक हातात घेतला. “हल्ली मी जरा खालून गाते. कुणाची हरकत आहे का?”

“आम्ही तरी कुठे पूर्वीसारखे नाचतोय!” मागच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं. “हल्ली बसूनच ऐकतो की!” सगळं ठाणं हसलं. लमारने सुस्कारा सोडला. कॅलीच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

शेवटचं गाणं नेहमीचंच होतं, घोड्यासारखं उधळणारं. ते सुरू करण्याआधी व्हर्लीन नेहमीसारखी मागे वळली. “होयट, जरा बेताने घे रे. माझा दम पुरत नाही.”

होयटने मान हलवली. अलीकडे ती प्रत्येक वेळी असं म्हणायची, आणि प्रत्येक वेळी तो मनातल्या मनात देवाचे आभार मानायचा. सकाळी त्याची मूठ वळत नसे. सांधे सुजून बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी झाली होती. जलद लय त्याला आता झेपलीच नसती. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. बाईचा दम गेला आणि आपली अब्रू राहिली, असं त्याला वाटे, आणि असं वाटल्याबद्दल थोडी लाजही वाटे.

गाणं बेताच्या लयीत चाललं. शेवटच्या ओळीवर व्हर्लीनने सूर लावला आणि धरून ठेवला. लमारच्या तारा विरून गेल्या. कॅलीचा गज टोकापर्यंत जाऊन परत आला. लोकांनी हातातले काटे खाली ठेवले. सूर चालूच होता, भरलेला, सरळ, कुठेही न थरथरता. मग तिने तो अलगद सोडला, आणि ठाण्याचं छप्पर टाळ्यांनी दणाणलं.

तिला धाप लागली नव्हती. जराही नाही.

होयट तिच्याकडे बघतच राहिला. “अगं, तुझा दम पुरत नाही ना?”

व्हर्लीन ड्रमवरून त्याच्या कानाशी वाकली.

“हात कसे आहेत तुझे?” तिने विचारलं.